पहिला रोजा

आमचे कोऱ्हाळे बुद्रुक बारामती तालुक्यात, निरा-बारामती रस्त्यावर आहे. निरा डाव्या कालव्याचे पाणी 1885 पासून या भागात खेळते. त्यामुळे जिकडे तिकडे ऊस!

जानेवारी 1998. रमजान चालू होता. मी आठ वर्षांचा होतो आणि त्या दिवशी माझा पहिला रोजा होता. नवे कपडे घ्यायला अब्बा मला बारामतीला घेऊन गेले. परतताना पणदऱ्याच्या पुढे उसाची बैलगाडी उलटलेली. एस.टी. अडकली. सूर्य मावळला आणि खजूर तर घरीच राहिला होता! माझा घसा कोरडा पडला. अब्बांचा चेहरा उतरला.

ऊसतोड करणारी एक बाई सांडलेल्या मोळ्या गोळा करत होती. अब्बा तिला म्हणाले, "मावशी, पोराचा पहिला रोजा आहे." तिने कळशीतले पाणी दिले. मग कोयत्याने उसाचे कांडे सोलून माझ्या हातात ठेवले. तो ऊस किती गोड लागला म्हणून सांगू!

घरी अम्मी दारातच उभी होती. थाळीतली भजी गार झाली होती.

"रोजा कशाने सोडलास?" तिने विचारले.

"उसाने!"

मार्च 2025 मध्ये माझ्या मुलीने पहिला रोजा ठेवला. तिच्या थाळीत खजुराशेजारी मी उसाचे एक कांडे ठेवले.

"अब्बा, हे कशाला?" ती म्हणाली. मग ही सारी हकीकत तिला सांगावी लागली.