ती बाई उठवून दाखव

२१ मार्च २०२४ची सकाळ, सहा वाजून आठ मिनिटं. नांदेडच्या आमच्या फ्लॅटमध्ये मांडणीवरची ताटं आपोआप खणखणली. दोघा पोरांना उचलून आम्ही जिना उतरलो. भूकंपाचं केंद्र हिंगोली जिल्ह्यात, तीव्रता ४.५, आणि खाली उभे असतानाच आणखी एक छोटा धक्का बसला, ३.६चा. कुणी टॉवेलवर, कुणी दात घासता घासता, अशी अख्खी कॉलनी रस्त्यावर. लातूरला वाढलेल्या माझ्या वयाच्या माणसाला अशा वेळी १९९३चा किल्लारीचा भूकंप आठवायला हवा. मला आधी लाव्होस आठवला.

लाव्होस हा ‘क्रोनो ट्रिगर’ नावाच्या जपानी गेममधला राक्षस. सहा कोटी पन्नास लाख वर्षांपूर्वी आभाळातून पडतो, जमिनीच्या पोटात शिरतो आणि तिथं नुसता झोपून राहतो. वर राज्यं येतात-जातात, जत्रा भरतात. १९९९ साली तो उठतो आणि एका दिवसात सगळं संपतं. त्या गेममधली माणसं काढणारे अकिरा तोरियामा मार्चच्या १ तारखेला वारले; बातमी येऊन दोन आठवडेही झाले नव्हते. म्हणून असेल.

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा मी लातूर पॅटर्नच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या घोकंपट्टीच्या घाण्याला जुंपलेला होतो. गेमची फाइल चार एमबीची आणि फ्लॉपी १.४४ची, म्हणून एका मित्रानं तुकडे करून आणून दिली. झेडस्नेस नावाच्या इम्युलेटरवर, म्हणजे गेमच्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, तो चालायचा. हिंडताना शत्रू समोर दिसतात, टाळता आले तर टाळावेत. लढाई त्याच जागी उभ्या उभ्या होते. दोघा-तिघांनी मिळून मारायचे डाव वेगळे. पण माझा जीव जडला तो काळात मागे-पुढे उड्या मारण्यावर. एका युगात केलेल्या गोष्टीचं फळ दुसऱ्या युगात जाऊन बघायचं. शिवाय शेवट डझनभर. आमच्या पॅटर्नला एकच शेवट होता, तोही दुसऱ्यानं ठरवलेला. त्या दोन वर्षांबद्दल माझा राग अजून गेलेला नाही, जाऊ दे.

गेममध्ये लुका नावाची एक मुलगी आहे. चष्मा लावणारी. तिच्या लहानपणी आईचा झगा वडिलांनी केलेल्या यंत्रात अडकला आणि पाय गेले. पुढं एका रात्री, सगळे शेकोटीभोवती झोपलेले असताना, लुकाला एक लाल दार दिसतं. त्यातून ती नेमक्या त्या दिवसात जाऊन पोचते. यंत्र थांबवायचा परवलीचा शब्द म्हणजे आईचं नाव, लारा. एल, ए, आर, ए ही बटणं वेळेत दाबली तर पाय वाचतात. नाही दाबली तर गेम तुम्हाला थांबवत नाही, बोलत नाही. गोष्ट तशीच पुढं सरकते आणि लारा खुर्चीतच राहते.

मी तिथं पोचलो तेव्हा आजी मागं ज्वारी निवडत बसली होती.

आजी म्हणजे आईची आई. औसा तालुक्यातली. भूकंपात तिच्या डाव्या पायावर भिंत आली, नडगी वेडीवाकडी जुळली आणि ती आमच्याकडं राहायला आली. स्लॅबखाली झोपायची नाही. थंडीतसुद्धा अंगणात बाज.

‘‘काय करूलालास रे? त्या बाईला काय झालंय?’’

सांगितलं. पदर अडकलाय, पोरीला शब्द टाकायचाय.

‘‘तिला ठाव हाय का काय टाकायचं ते?’’

‘‘हो, आईचं नाव.’’

‘‘मग टाक की!’’

आणि लाईट गेली.

लोडशेडिंगचे ते दिवस. लाईट आली ती रात्री जेवणं झाल्यावर. आजी जागीच होती. मी आधी एफ-टू दाबून ती जागा साठवून ठेवली, मग बटणं दाबली. यंत्र थांबलं. पडद्यावरच्या त्या बोटभर उंचीच्या बाईचे पाय शाबूत राहिले. आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, ‘‘ती बाई उठवून दाखव.’’ एफ-फोर दाबलं की तीच खोली, तोच अडकलेला झगा. मग एल, ए, आर, ए. पुढं कितीतरी संध्याकाळी हे चाललं. बाकीचा गेम तिला नको होता. राजवाडे, तलवारी, उडती जहाजं आली की ती उठून जायची.

हा गेम जपानात ११ मार्च १९९५ला बाजारात आला. त्याच्या साडेसात आठवडे आधी, १७ जानेवारीच्या पहाटे, कोबे शहर हादरलं आणि सहा हजारांवर माणसं गेली. गेम तोवर बनून झालेला असणार, तेव्हा दोन्हींचा संबंध जोडता येत नाही. ज्यांनी तो त्या मार्चमध्ये विकत घेऊन जमिनीखालचा राक्षस बघितला असेल, त्यांचा विचार मात्र माझ्या मनात येतो. आणखी एक असाच बिनकामाचा योग. लाव्होस पडल्याचा जो काळ गेममध्ये दिला आहे, जवळपास त्याच काळात आपलं दख्खन लाव्ह्यानं भरत होतं. किल्लारीला भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी खोल भोक घेतलं, तेव्हा वरचा काळा दगडच तीनशे मीटरच्या वर निघाला. आपली काळी माती त्याच दगडाची. बहुतेक भिंतीसुद्धा.

एकदा बाई उठवून झाल्यावर मी आजीला उत्साहानं विचारलं, ‘‘तुला असं दार सापडलं तर? विसर्जनाच्या रात्री जाऊन सगळ्यांना सांगशील?’’

‘‘काय सांगू?’’ ती म्हणाली. ‘‘वरीसभर जमीन गुरगुरलीच की. सांगायचं काय ऱ्हायलं हुतं?’’

खरंच होतं. १९९२च्या पावसाळ्यापासून किल्लारीच्या आसपास धक्के बसत होते, ऑक्टोबरात तर चांगलेच जाणवले. लोक बाहेर झोपले, अर्ज-विनंत्या झाल्या, मग सवय झाली आणि लोक परत माळवदाखाली गेले. जाणार कुठं? ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून गावं गाढ झोपलेली. जवळपास दहा हजार माणसं गेली. ती धक्क्यानं गेली नाहीत. मातीत रचलेल्या दोन-तीन फुटी दगडी भिंती आणि गळू नये म्हणून दरसाली माती चढवून जड केलेली माळवदं, यांनी ती मारली. गरिबांच्या कुडाच्या झोपड्या बऱ्याच टिकल्या.

त्यानंतर मला गेममधली एक गोष्ट खटकायला लागली, ती अजून खटकते. त्यात १९९९ सालात तुम्हाला फक्त लाव्होसशी लढायला जाता येतं. तिथल्या एकाही माणसाशी बोलता येत नाही, एकाचंही दार वाजवता येत नाही. इतकी युगं पालथी घालणाऱ्या पोरांना ‘बाहेर पडा’ एवढं सांगायची सोय लिहिणाऱ्यांनी ठेवली नाही. त्यांनाही बहुधा ठाऊक असावं, कोण ऐकतंय.

त्यापेक्षा मला त्या पोरांच्या टोळीतला यंत्रमानव, रोबो, जवळचा. वाळवंट झालेल्या मुलखात फिओना नावाची बाई एकटी जंगल उभं करू बघते. वाळूतला राक्षस मारून तिचं काम भागत नाही, नंतर झाडं लावावी लागतात. रोबो म्हणतो, मी थांबतो. बाकीचे चारशे वर्षं पुढं उडी मारतात. त्यांच्यासाठी क्षणभर, तिथं हिरवं रान, आणि देवघरात मूर्तीसारखा ठेवलेला गंजका, बंद पडलेला रोबो. अख्ख्या गेममध्ये काळाची उडी न मारता काळ काढतो तो हा एकटा. आजीला मी हे दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं असंही नाही; तिला त्या बाईचंच वेड होतं.

आजी जाऊन बरीच वर्षं झाली. गेम आता फोनवर मिळतो, पैसे देऊन घेतलाय. त्यात लाईट जात नाही.

हिंगोली-नांदेडची जमीन त्या मार्चनंतरही हलली. १० जुलै २०२४च्या सकाळी पुन्हा ४.५. वसमत, कळमनुरी, हदगाव, अर्धापूरकडं पत्र्याची घरं पुष्कळ, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्या पत्र्यांवर दगड ठेवायची जुनी रीत. मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनानं ते दगड काढा म्हणून सांगितलं होतं. माझ्या येण्या-जाण्याच्या रस्त्यावर मला ते अजून दिसतात. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या गावाकडच्या घरावर, गोठ्यावर, शेतातल्या आखाड्यावर असे दगड असतील, तर ते खाली उतरवा आणि पत्रा हुक-बोल्टनं आवळून घ्या.