शेऱ्याचा रकाना



आज थोडं आमच्या घरच्या हिशेबाच्या वहीबद्दल. हिशेबाच्या वहीत सांगण्यासारखं काय असणार, असं वाटेल. मलाही ४० वर्षं तसंच वाटत होतं.

मी १९७९ साली शिवाजी विद्यापीठातून बी.कॉम. झाले. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद सगळं पाठ. पण लग्न होऊन सांगलीला आले ते हळदीच्या अडत्याच्या घरात. तिथे दुकानाचा हिशेब दुकानात आणि घरचा हिशेब सुद्धा 'ह्यां'च्याच हातात. रात्री दिवाबत्ती झाली की हे वही काढणार, मी तोंडी सांगणार, "दूध, भाजी, बस्तीत दान अकरा रुपये," आणि हे लिहिणार. सासूबाई कौतुकाने म्हणायच्या, "आमची सून शिकलेली हो, हिशेब बरोबर सांगते." सांगते! लिहिते नाही. माझी पदवी भिंतीवर होती आणि पेन ह्यांच्या खिशात.

ह्यांचं अक्षर मोत्यासारखं. सात वर्षांपूर्वी ते बारीक व्हायला लागलं. ओळ सुरू व्हायची नेहमीसारखी आणि शेवटाला जाईपर्यंत मोहरीएवढी व्हायची. मी म्हटलं, "कागद वाचवताय की काय? अपरिग्रह चांगला, पण वाचता तरी यायला हवं." हे हसले. तेव्हा हसत होते.

मग आवाज बारीक झाला. मी सारखी "काय? काय?" करायची. मला वाटलं मलाच ऐकू येईना, म्हणून जाऊन कान तपासून आले. कान ठणठणीत! शेवटी मुलाने पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ह्यांना चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली आणि एक कागद देऊन चार ओळी लिहायला सांगितल्या. त्या बारीक होत गेलेल्या ओळी पाहून डॉक्टर म्हणाले, पार्किन्सनमध्ये अक्षर असं होतं. म्हणजे आजार आधी आमच्या वहीत आला होता, आणि आम्ही दोघं त्यावर विनोद करत बसलो होतो.

आजार कसा आहे हे ज्यांच्या घरी आहे त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. हात थरथरतो तो सगळ्यांना दिसतो, पण खरा त्रास दुसराच. पाय जमिनीला चिकटतात. दारात आले की उंबऱ्यावर पाऊल थबकतं ते थबकतंच. फिजिओथेरपिस्ट ताईंनी युक्ती सांगितली, की जमिनीवर रंगीत पट्ट्या लावा आणि एकेक पट्टी ओलांडायला सांगा. किंवा तालावर चालवा. मी पलंगापासून न्हाणीघरापर्यंत लाल पट्ट्या चिकटवल्या. सुट्टीला आलेला नातू म्हणाला, "आज्जी, तू आणि आजोबा लंगडी खेळता का?"

ताल मी णमोकार मंत्राचा धरला. पाच पदांत पलंग ते न्हाणीघर! आमच्या वन्संना ते पटलं नाही. "अगं वहिनी, संडासाच्या वाटेवर णमोकार?" मी म्हटलं, "वन्सं, पवित्र असो की अपवित्र, कोणत्याही अवस्थेत या मंत्राचं ध्यान करावं असं आपण रोज पूजेच्या आधी म्हणतोच की. इथे तर माणूस चालतोय." त्या गप्प बसल्या. आता त्यांचेच गुडघे धरलेत आणि त्याही जिना चढताना पुटपुटतात. मी ऐकलंय.

सगळ्यात अवघड गोष्ट मात्र वेगळीच. या आजारात चेहऱ्याचे स्नायू कडक होतात आणि चेहरा हलेनासा होतो. डॉक्टरांनी बजावलं होतं की चेहऱ्यावरचं हसू गेलं तरी आतलं जात नाही. पण बाई, आतलं कुणी पाहिलंय? ४० वर्षं मी या माणसाला हसवत आले. सासरी माझी तेवढीच कमाई होती. आता मी काहीबाही बोलायची आणि समोर बाहुबलीच्या मूर्तीसारखा शांत चेहरा. कुंभोजची २८ फुटी मूर्ती तरी मंद हसल्यासारखी वाटते. इथे तेवढंही नाही. हळूहळू मीच बोलायची कमी झाले.

अशात वही माझ्याकडे आली. हात चालेना म्हणून ह्यांनीच एका रात्री ती माझ्याकडे सरकवली. वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी बी.कॉम.चं पहिलं काम हातात घेतलं. आणि सवयीने काय केलं? जमा, नावे आणि रक्कम यांच्यापुढे आणखी एक रेघ ओढून 'शेरा' असा रकाना काढला. कॉलेजात सरांनी शिकवलं होतं की नोंदीचं कारण लिहिल्याशिवाय नोंद पूर्ण होत नाही.

सुरुवातीला शेरे साधेच होते. मग पेन सैल सुटलं.

"औषधं, १,८४० रुपये. शेरा: दुकानदार आता मला ताई म्हणतो, सवलत मात्र देत नाही."

"दोडका, २० रुपये. शेरा: तूरडाळ आणि गोळी यांची वेळ जमत नाही म्हणून. डाळीतल्या प्रथिनांचं गोळीशी भांडण आहे. सासू-सुनेसारखं, दोघी चांगल्या पण एका वेळी नकोत."

"रात्री १० ची गोळी, पाण्यासह. शेरा: सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा न घेण्याचा ह्यांचा तीस वर्षांचा नियम मोडला. माताजींना विचारलं. त्या म्हणाल्या, औषध-पाण्याची सूट ठेवून नियम पुन्हा घ्या. हे दोन दिवस खिन्न होते, मी दोन दिवस गोळी दळत होते."

कुणासाठी लिहीत होते? कुणासाठीच नाही. रात्री सामायिकाला बसलं की ४८ मिनिटांत निम्मा वेळ मन दूध उतू गेलं का बघायला जातं. पण शेरा लिहिताना मन जागेवर असायचं. दिवसभरात जे कुणाला बोलता येत नव्हतं ते त्या दोन बोटं रुंदीच्या रकान्यात मावायचं.

आणि मग गेल्या वर्षीच्या दशलक्षण पर्वाच्या दोन दिवस आधीची रात्र. हे सारखे उठवत होते. कूस बदलून दे, बाथरूमला ने, पांघरूण काढ, पांघरूण घाल. पहाटे पाचला मी वही ओढली आणि लिहिलं, "रात्री ९ वेळा उठवलं. मी माणूस आहे की घड्याळ? आता सुटका हवी."

सुटका कोणाची, माझी की ह्यांची, हे लिहिलं नव्हतं. खरं सांगते, मलाही ठाऊक नव्हतं.

पर्व सुरू झालं. तिसऱ्या दिवशी बस्तीत उत्तम आर्जवावर प्रवचन होतं. मनात एक, ओठांवर दुसरं असं नसावं. मी मान डोलवत ऐकून घरी आले तर हे खुर्चीत, मांडीवर वही, आणि उघडं होतं तेच पान. चेहरा नेहमीसारखाच. काही कळायला मार्ग नाही. मी काय केलं? आर्जवावरचं प्रवचन ताजं ताजं ऐकून आलेली मी म्हणाले, "दूध आणू का गरम?"

पुढचे दिवस मी वहीत फक्त आकडे लिहिले. शेरा कोरा. रोज संध्याकाळी प्रतिक्रमण करायची. जाणता-अजाणता घडलेल्या दोषांबद्दल एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत सगळ्या जीवांची क्षमा मागायची, आणि शेजारच्या पलंगावरच्या पंचेंद्रिय जीवाकडे पाहायचं टाळायची. यशोधर राजाची कथा आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. त्याने कोंबडा मारला नव्हता, पिठाचा केला होता. तरी कितीतरी जन्म भोगावं लागलं. भावहिंसा म्हणतात ती हीच. मला वाटायचं, माझा पिठाचा कोंबडा शाईचा आहे, आणि तो ह्यांनी वाचलाय.

क्षमावाणीच्या दिवशी बस्तीत शंभरेक बायकांना मी हात जोडले. ज्यांच्याशी वर्षभर भेटच नव्हती, म्हणून भांडणही नव्हतं, त्यांचीही क्षमा मागितली. मोबाईलवर फुलांची चित्रं असलेले ४२ संदेश आले, तेवढेच मी पुढे ढकलले. किती सोपं असतं नाही? अवघड होता तो एकच माणूस, आणि तो घरी बसला होता.

घरी येऊन साडीही न बदलता मी ह्यांच्यासमोर स्टुलावर बसले. म्हटलं, "मी वाईट लिहिलं. ते तुम्ही वाचलंत. त्या रात्री मला खरंच तसं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? पण रोज वाटत नाही. मला क्षमा करा."

हे काहीतरी बोलले. ऐकू आलं नाही. "काय?" पुन्हा बोलले. "काय हो?" आपण क्षमा मागावी, समोरच्याने ती द्यावी, आणि ती ऐकूच येऊ नये! शेवटी ह्यांनी वहीकडे बोट केलं. मी वही दिली, पेन बोटांत धरवलं. एक ओळ लिहायला दहा मिनिटं लागली. मी खिडकीबाहेर बघत बसले. मग चष्मा लावून, वर भिंग धरून ती मोहरीची ओळ वाचली:

"९ नाही, १०. एकदा तू झोपली होतीस, एकटा उठलो. हिशेब नीट लिही."

खाली, ऑडिटर करतात तशी एक बरोबरची खूण.

आधी मला धडकी भरली. पडले असते म्हणजे? मग हसू आलं, आणि मग रडू. दोन्ही एकदम आलं की माणूस कसा दिसतो ते मी आरशात पाहिलं नाही, पण ह्यांनी पाहिलं. चेहरा तसाच दगडी, डोळ्यांत मात्र पाणी, आणि पाण्यामागे तोच जुना मिश्किल माणूस, जो मला गेला वाटला होता. आत हसू असतं, डॉक्टर खरं सांगत होते. फक्त ते बाहेर यायची वाट बदलली होती.

त्या ओळीने आणखी एक काम केलं. मी ते पान मुलाला दाखवलं. आजवर फोनवर "आम्ही मजेत" एवढंच सांगायची. तो वाचून बराच वेळ काही बोलला नाही. आता आठवड्यातून तीन रात्री मदतीला एक मावशी येतात, पलंगाला धरायला कठडा बसवला आहे, आणि ह्यांच्या उशाशी एक घंटी आहे. हवी होती ती सुटका एवढीच होती हो, तीन रात्रींची झोप. पण ती मागायला मला आधी वाईट शब्दांत लिहावी लागली.

आपल्या आदिनाथ भगवंतांनी ब्राह्मीला लिपी शिकवली आणि सुंदरीला अंक, हे आपण मुलींना अभिमानाने सांगतो. दोघी बहिणी, बापाच्या एका मांडीवर एक, दुसऱ्या मांडीवर दुसरी. माझ्या वाट्याला जन्मभर सुंदरी आली. अंक बरोबर, बेरीज बरोबर, घर बरोबर. ब्राह्मी राहूनच गेली होती. ती साठीनंतर भेटली, दोन बोटं रुंदीच्या रकान्यात.

फिजिओथेरपिस्ट ताईंना ही गोष्ट सांगितली तर त्या म्हणाल्या, रेघांच्या वहीत मोठी अक्षरं काढायचा सराव चांगलाच आहे, रोज लिहू द्या. म्हणून दिवाळीला नवी वही आणली ती शाळेतल्या मुलांची दुरेघी. वहीपूजन तिचंच केलं. वर्षभर आता आकडे मी लिहिते, शेरा मी लिहिते, आणि माझ्या शेऱ्याखाली हे शेरा मारतात. कधी एक शब्द, कधी नुसती खूण. परवा मी लिहिलं, "भाजीत मीठ विसरले." खाली ओळ आली, "रसत्याग झाला. पुण्य जमा."

सगळे दिवस असे नसतात. आजार वाढतोय, ते आम्हा दोघांनाही कळतं. काल हे उंबऱ्यात वीस मिनिटं अडकले, मंत्र तीनदा म्हणून झाला, पाय हलेना, आणि मी चिडले. रात्री तेही लिहिलं. सकाळी खाली खूण होती.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरी वही असेल. दुधाची, इस्त्रीची, औषधांची. तिच्यात एक रेघ जास्त ओढून बघा. चांगलं तेवढंच लिहायचं असं काही नाही. दोष लपवला तर त्याचं प्रतिक्रमण तरी कसं करणार?

माझ्या लिहिण्यात काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा. आकडे चुकले असतील तर मात्र ह्यांना विचारा, ऑडिट तेच करतात.