नानांचा बांध

नेहमी इथं पिकाचं लिहितो, आज माणसाचं लिहितोय. माझे थोरले चुलते, आमचे नाना, गेल्या महिन्यात गेले. वय 78.

पाऊस आला की सगळे रानातनं घराकडं पळतात. नाना घरातनं रानात निघायचे. डोक्यावर पोत्याची खोळ, खांद्यावर फावडं. पाणी कुठनं आत येतं, कुठं जोर धरतं, कुठनं बाहेर पडतं, हे भर पावसात उभं राहून बघायचे. तिथं तुराटी रोवून ठेवायचे आणि वापसा आला की त्याच जागी दगड लावायचे. शाळा चौथीपर्यंतच. 72 च्या दुष्काळात पंचविशीत होते. दुष्काळी कामावर माती वाहिली, सुकडी आणि मिलोच्या भाकरी खाऊन दिवस काढले. त्यानंतर पाणी वाया गेलेलं त्यांना कधी बघवलं नाही.

आमची जमीन मंगळवेढ्याकडची, काळी. ज्वारी, करडई, हरभरा, सगळं मुरलेल्या ओलीवर. 2017 ला मी ट्रॅक्टर घेतला. वळवायला अडचण होते म्हणून माझ्या वाटणीतले मधले दोन बांध मोडले. नाना बांधावर येऊन म्हणाले, "ट्रॅक्टर तुझं ऐकंल बाबा, पाणी ऐकणार नाही." मी गड्यांसमोर बोललो, "नाना, तुमचा जमाना गेला आता." ते गप निघून गेले. पुढं तीन वर्षं माझ्या रानात पाय ठेवला नाही.

14 ऑक्टोबर 2020 चा पाऊस सोलापूर जिल्ह्यात कुणी विसरणार नाही. सकाळी रानात गेलो तर खालच्या अंगाला कमरेएवढी घळ पडलेली. नुकतीच वर आलेली ज्वारी मातीसकट ओढ्यात गेली, मुरूम उघडा पडला. शेजारी नानांच्या रानात बांध जागेवर. बांधावरचं मारवेल आडवं झालेलं, पण माती धरून होतं, आणि दगडी सांड्यावरनं पाणी संथ चाललेलं.

नाना तिथंच उभे होते. वाटलं, आता ऐकवतील. ते एवढंच म्हणाले, "चल, आधी पाणी आडवं लावू." 73 वर्षांचा माणूस दुपारपर्यंत माझ्या चिखलात फावडं मारत होता. पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही बांध परत घातले. रेघ त्यांनीच आखून दिली. बांध उभे राहिले. ओढ्यात गेलेली माती काही परत आली नाही, त्या कोपऱ्यात अजून ज्वारी गुडघ्याच्या वर जात नाही.

शेतकरी मित्रांनो, हिशेब साधा आहे. एका एकरावर एक इंच पाऊस पडला तर लाखभर लिटर पाणी होतं. ते जिरवायचं का मातीसकट घालवायचं, हे बांध आणि सांडवा ठरवतात. बांध उताराला आडवा पाहिजे, सांडवा दगडाचा पाहिजे, बांधावर गवत पाहिजे. तणनाशक मारून बांध उघडे करू नका. ट्रॅक्टरसाठी मोडायच्या आधी एकदा भर पावसात आपल्या रानात उभे राहून बघा.

परवा मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला. नानांच्या दारात फावडं तसंच टेकवलेलं. खोळ घेतली, फावडं उचललं आणि निघालो. त्यांच्या सांड्याचे दोन दगड सरकले होते, ते बसवले.

एक गोष्ट मात्र राहून गेली. त्या सकाळनंतर पाच वर्षं आम्ही एका बांधावर बसून चहा प्यायलो, पण "माझं चुकलं" हे शब्द माझ्या तोंडातनं आले नाहीत. दवाखान्यातही नाही. त्यांनी कधी विचारलंही नाही.

चारचौघांत बोललो होतो, म्हणून चारचौघांतच लिहितोय. नाना, माझं चुकलं.