रविवारचा वाचक

वाङ्मयाच्या इतिहासात लेखकाला स्थान असते, ग्रंथाला असते, टीकाकारालाही असते. वाचकाला मात्र ‘वाचकवर्ग’ या सामुदायिक नावाखाली मुकाट्याने उभे राहावे लागते. ज्याने आयुष्यात एक ओळ छापली नाही, परिसंवादात तोंड उघडले नाही आणि तरीही पन्नास वर्षे नेमाने वाचले, अशा माणसाच्या मतांची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. दिल्लीतील एका निवृत्त मराठी गृहस्थांची मते अशीच नोंदीवाचून राहिली असती, तर त्यांना स्वतःला त्याचे काही वाटले नसते. परंतु त्या मतांच्या मुळाशी एक प्रश्न आहे आणि तो त्यांच्या एकट्याचा नाही.

हे गृहस्थ १९७४ साली नागपूरच्या एका सरकारी कचेरीतून बदलून दिल्लीस आले. सामानात दोन ट्रंका होत्या आणि पुस्तके अवघी सात. पहिल्याच हिवाळ्यात कोणीतरी त्यांना दर्यागंजचा रविवारचा बाजार दाखविला. त्या दिवशी दुकाने बंद असत आणि त्यांच्यासमोरच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या पथाऱ्या पसरत. वैद्यकाचे ग्रंथ, इंग्रजी कादंबऱ्या, परीक्षांची मार्गदर्शके, मासिकांचे गठ्ठे आणि या सर्वांच्या तळाशी कधीमधी एखादे मराठी पुस्तक. विक्रेता ते हिंदीच्या ढिगात ठेवी; त्याचा दोष नव्हता, लिपी एकच. गृहस्थांनी त्यावर आपली एक युक्ती शोधली. ते शीर्षके वाचीत नसत. ढिगावरून केवळ ‘ळ’ शोधीत नजर फिरवीत. हिंदीच्या समुद्रात हे एक अक्षर आपल्याला दिव्यासारखे दिसते, असे ते म्हणत. त्या अक्षरावर आपली एकट्याची मालकी आहे, अशी त्यांची जवळजवळ खात्रीच झाली होती.

पुस्तक हाती आले की ते प्रथम टिंबे पाहत. ‘घरांत’, ‘नाहीं’, ‘कांहीं’ असे छापलेले आढळले, तर पुस्तक बहुधा १९६२ पूर्वीचे. कारण त्या वर्षी मान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वारांना निरोप दिला. या बदलावर त्यांचे मत विद्वानांहून निराळे आहे. अनुस्वार गेले म्हणून त्यांना दुःख नाही. मुलांचे श्रम वाचले, हे बरेच झाले. मात्र टिंबांच्या पुस्तकात भाषा हळू चालते, डोळ्याला जागोजागी टेकायला दगड मिळतात, असे त्यांना वाटते. शास्त्राच्या कसोटीवर हे विधान कितपत टिकेल, याची ते फिकीर करीत नाहीत.

त्यांची इतर मतेही याच जातीची आहेत. पुस्तक विकत घेण्यापूर्वी ते मध्यावर उघडून उभ्याउभ्या तीन पाने वाचावे; पहिले पान लेखकाने पाहुण्यांसाठी झाडलेले असते, खरे घर मध्ये असते. ‘रणांगण’ ही विश्राम बेडेकरांची १९३९ सालची लहानशी कादंबरी त्यांना अनेक जाडजूड कादंबऱ्यांहून मोठी वाटते. बोटीवरच्या थोड्या दिवसांच्या सहवासात एवढे सांगता येते, तर बाकीच्यांना इतका कागद का लागावा, असा त्यांचा रोकडा सवाल असतो. ‘कोसला’ त्यांनी दोनदा अर्ध्यावर टाकली आणि तिसऱ्यांदा ती पथारीवरच हाती लागली, तेव्हा एका रात्रीत संपविली. यावरून त्यांनी सिद्धांत काढला की, काही पुस्तके वाचकाच्या वयाची वाट पाहतात.

शरच्चंद्र ते प्रथम मामा वरेरकरांच्या मराठीत वाचीत आले होते. दिल्लीत तेच शरच्चंद्र त्यांना हिंदीत भेटले आणि त्यांची पंचाईत झाली. माणसे तीच, दुःखे तीच; पण मराठीतल्या स्त्रिया त्यांना आपल्या महालातल्या वाड्यातून बाहेर पडल्यासारख्या वाटत, हिंदीतल्या शेजारच्या. तेव्हापासून वरेरकरांचा शरच्चंद्र हा मराठी वाङ्मयाचाच भाग आहे, असे ते ठामपणे मानतात. वरेरकर राज्यसभेचे सभासद असताना १९६४ साली निवर्तले. आपण दहा वर्षे उशिरा दिल्लीस आलो, याची त्यांना अजून चुटपुट आहे.

नागपूरकर असल्यामुळे भाषेच्या सोवळेपणाविषयी त्यांना फारशी आस्था नाही. ‘मी वाचून राहिलो’ असे त्यांनी म्हटले की पुण्याचे सहकारी हसत. दिल्लीत मात्र ते वाक्य ऐकून कोणी हसले नाही. इथल्या कानाला ते आपल्यातलेच वाटले. माधव जूलियनांनी १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश सिद्ध केला आणि १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धिविवेक’ लिहिला, या दोन गोष्टी ते नेहमी एका श्वासात सांगतात. एकाच माणसाने आधी पाहुण्यांची यादी करावी आणि मग त्यांना उठवायला निघावे, यात त्यांना विसंगती दिसत नाही. प्रेम असल्यावाचून इतकी दखल कोण घेतो, असे ते विचारतात.

इथवर हे चित्र एका छांदिष्टाचे आहे. त्याला तडा गेला तो दर्यागंजचा बाजार उठल्यावर. दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१९ च्या जुलैत पदपथावरील पथाऱ्या बंद झाल्या आणि सप्टेंबरात त्या आसफ अली मार्गावरील महिला हाटाच्या आवारात गेल्या. तेथे चालणे सोपे झाले, हे ते मान्य करतात. परंतु पदपथावर बूट घ्यायला निघालेला माणूस पुस्तकाला अडखळत असे. आवारात केवळ पुस्तकासाठी आलेलाच येतो. वाचक होण्यासाठी अडखळणे आवश्यक आहे, असे त्यांचे मत.

नव्या जागी त्यांना एका रविवारी लागोपाठ तीन मराठी पुस्तके मिळाली. तिन्हींच्या पहिल्या पानावर एकाच वळणाचे हस्ताक्षर होते: एका पुस्तकात मुलीला वाढदिवसाची भेट, दुसऱ्यात केवळ तारीख, तिसऱ्यात घरखर्चाचा हिशेब. पुढल्या रविवारी आणखी दोन मिळाली. आजवर अशा प्राप्तीच्या दिवशी ते घरी परतताना मिठाई घेत. त्या दिवशी मात्र त्यांना प्रथमच उमगले की, आपण ज्याला सापडणे म्हणत आलो, ते दुसऱ्या टोकाने पाहिले तर टाकून देणे आहे. महाराष्ट्रातल्या शहरात जुन्या बाजारात आलेले मराठी पुस्तक एका घरातून निघून दुसऱ्या मराठी घरात जाते. दिल्लीत ते आले, तर त्याचा अर्थ बहुधा असा की, एका घरात मराठी वाचणारा शेवटचा माणूस गेला. त्यांनी विक्रेत्याला उरलेल्या पुस्तकांविषयी विचारले. बाकीची किलोच्या भावाने गेली, असे उत्तर मिळाले. ‘रद्दी’ हा शब्द त्याने उच्चारला आणि तो दोघांच्याही भाषेत तोच होता. रद्द आणि रद्दी यांचे मूळ एक, हे गृहस्थांना ठाऊक होते. जाणवले ते तेव्हा.

त्यांच्या स्वतःच्या घरी तोवर अकराशे पुस्तके झाली होती. मुलगा बंगळूरला, सून तमिळ, नातीला मराठी कळते पण वाचता येत नाही. यात कोणाचा अपराध नाही, हे ते आवर्जून सांगतात. नात चार भाषा बोलते; त्यांना दोनच धड येतात. एका ग्रंथालयाला त्यांनी पुस्तके देऊ केली. जागा नाही आणि मराठीचे वाचकही नाहीत, असे सौजन्यपूर्ण पत्र आले. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि १९५४ नंतर प्रथमच, फेब्रुवारी २०२५ मध्ये, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत भरले. दोन्ही वेळा त्यांना मनापासून आनंद झाला. “पण अहो, आपल्या कपाटाचे काय?” असे पत्नीने विचारले, तेव्हा त्या आनंदात उत्तर नव्हते.

उत्तर त्यांनी आपल्या परीने काढले. आता दर रविवारी ते पिशवीतून दोन पुस्तके बाजारात नेतात आणि ओळखीच्या विक्रेत्याला फुकट देतात; अट एवढीच की, ती वरच ठेवायची आणि किलोने विकायची नाहीत. प्रत्येक पुस्तकात हिंदीत लिहिलेला एक कागद असतो. त्यावर पुस्तक कशाविषयी आहे ते चार ओळींत, आणि खाली चकविणाऱ्या शब्दांची यादी: मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड, ‘अभ्यास’ म्हणजे अध्ययन, ‘संसार’ म्हणजे घरगृहस्थी, ‘चेष्टा’ म्हणजे थट्टा. लिपी येणाऱ्याला एका महिन्यात हा ओढा ओलांडता येईल, अशी त्यांची गणना आहे. वारस रक्ताचाच हवा, हा हट्ट त्यांनी सोडला आहे. मात्र पुस्तके देताना हात थबकतो, हे ते लपवीत नाहीत. ‘रणांगण’ अजून कपाटातच आहे.

पहिल्या खेपेस दिलेल्या पुस्तकांत ‘श्यामची आई’ होते. साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढलेले हे पुस्तक हिंदीच्या एका विद्यार्थ्याने घेतले. तीन आठवड्यांनी तो पुन्हा आला आणि यादीत नसलेली एक अडचण विक्रेत्याजवळ ठेवून गेला: हे ‘ळ’ म्हणायचे कसे? पुढल्या रविवारी विक्रेत्याने प्रश्न जसाच्या तसा गृहस्थांपुढे मांडला. गृहस्थांनी ‘काळा’, ‘बाळ’, ‘डोळा’ असे दोन-तीनदा सावकाश उच्चारून दाखविले. विक्रेता हरियाणाच्या खेड्यातला. त्याने मान डोलावली आणि तो वर्ण त्यांच्याहून सहज उच्चारला.

“बाबूजी, यह तो हमारे गाँव में भी है,” तो म्हणाला. “बस, लिखते नहीं.”

पन्नास वर्षे ते अक्षर त्या बाजारात शोधीत फिरलेल्या गृहस्थांना यावर काय बोलावे ते सुचले नाही. त्यांनी पिशवीतली दोन पुस्तके काढून पथारीवर ठेवली आणि विक्रेत्याला तो शब्द आणखी एकदा म्हणायला सांगितले.