जीर्ण आणि शीर्ण

संस्कृतात जुनेपणाचे दोन शब्द आहेत. एक जीर्ण, दुसरा शीर्ण. जे काळाने व वापराने झिजले ते जीर्ण. जे मोडून विखुरले ते शीर्ण. देवळाचा जीर्णोद्धार होतो. शीर्णोद्धार हा शब्द मात्र कोणी ऐकलेला नाही. हा भेद मी वर्गात पुष्कळ वर्षे समजावून दिला. परंतु तो घरखर्चाच्या वहीतही उपयोगी पडतो याचा प्रत्यय मला निवृत्तीनंतर, एका मोटारीच्या क्लचमुळे आला.

जळगाव जामोदच्या आमच्या एकत्र कुटुंबात थोरल्या बंधूंची एक प्रीमियर पद्मिनी आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, इटलीच्या फियाटच्या नमुन्यावर ही गाडी तयार होई. ‘पद्मिनी’ हे नाव तिला १९७४ मध्ये मिळाले. पुढे कारखान्यातून ती निघेनाशी झाली, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या टॅक्सींतूनही ती नाहीशी झाली. बंधू वारल्यावर आमची पद्मिनी अंगणातच उभी असे. क्वचित बाहेर काढली, तर सातपुड्याकडील चढाला लागताच इंजिन ओरडे, पण वेग वाढत नसे. क्लच घसरत होता.

पुतण्याने ती दुरुस्त करण्याचे मनावर घेतले. घरात मुलांच्या शिक्षणाचा खर्च चालू असल्याने रक्कम बेताचीच निघाली. तरी त्याचे मत असे, की “काका, क्लचचा सगळा संच नवाच घेऊ.” उलट वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, ह्यांनी उभे राहून बसवून घेतलेला आहे तो. त्यातले काही टाकू नका.” एकाला सर्व नवे हवे, दुसऱ्याला सर्व जुने. मी म्हटले, आधी उघडून तर पाहू.

क्लच हा इंजिन व गिअर यांमधील मध्यस्थ होय. इंजिनाबरोबर फिरणारे जड फ्लायव्हील आणि स्प्रिंगांच्या जोराने दाबणारी प्रेशर प्लेट, या दोहोंच्या चिमटीत लायनिंग लावलेली एक चकती धरलेली असते. पेडल दाबले, की रिलीज बेअरिंग पुढे सरून ती चिमटी सैल करते.

मेकॅनिकने गिअरबॉक्स उतरवून एकेक भाग ओट्यावर मांडला. चकतीचे लायनिंग रिव्हेटांच्या डोक्यापर्यंत झिजले होते. आणखी चालविली असती, तर त्या रिव्हेटांनी फ्लायव्हील कोरून काढले असते. परंतु मधला पोलादी पत्रा सरळ होता, स्प्रिंगा घट्ट होत्या, दातेही शाबूत होते. तेव्हा चकती तीच ठेवून नवे लायनिंग ठोकून घेतले. प्रेशर प्लेटवर निळे डाग किंवा केसासारख्या चिरा असत्या, तर ती अतिउष्णतेने बिघडली असे समजून टाकावीच लागती. आमच्या प्लेटवर नुसती चकाकी होती. पोलादी पट्टी आडवी धरून सपाटी पाहिली, व घासून तीच बसविली. लायनिंग तेलाने भिजलेले नव्हते. तसे असते, तर आधी तेल कोठून गळते ते पाहणे प्राप्त होते.

सर्वांत निर्दोष दिसले ते बेअरिंग. पण बोटाने फिरविताच आत किंचित खरखर लागली. मेकॅनिक म्हणाला, “गुरुजी, हे जुनंच टाकसान, तं गिअरबॉक्स पुन्हा उतरवा लागीन.” त्या एका वाक्यात काटकसरीचे सारे गणित आले. वस्तू थोड्या किमतीची, पण तिच्यापर्यंत पोचण्याची मजुरी मोठी. अशा जागी जुने ठेवणे ही बचत नव्हे. बेअरिंग नवे घेतले.

एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो, आणि त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. हवेच्या झोताने ती उडवू नये; ओल्या फडक्याने पुसून ते फडके बांधून टाकावे, आणि मुलांना त्या वेळी अंगणातून दूर ठेवावे.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी वहिनींचे ऐकले नाही. क्लच निकामी झाला, तर बहुधा आपली गाडी वाटेत अडते व आपलाच खोळंबा होतो. ब्रेक निकामी झाला, तर रस्त्यावरून जाणाऱ्या परक्या माणसाच्या जिवावर बेतते. क्लचमध्ये वाचलेले पैसे तिकडे वळविले.

वहिनींनी ते खरखरणारे बेअरिंग मागून घेतले व धुऊन देवघराच्या कोनाड्यात ठेवले. पुतण्या हसला, मी हसलो नाही. गाडीत ज्याचा उपयोग उरला नाही, त्याला घरात जागा असू नये असे थोडेच आहे?