रिकाम्या पुंगळ्या

वर्गात वाक्प्रचार शिकवताना एक अडचण दरवर्षी येते. 'ठासून सांगणे', 'फुसका बार', 'बार उडवून देणे' हे शब्दप्रयोग विद्यार्थ्यांच्या तोंडी सहज असतात. पण ठासायचे ते काय आणि बार तो कशाचा, असे विचारले की वर्ग गप्प होतो. मग मी फळ्यावर एक वेडीवाकडी बंदूक काढते आणि मोडनिंबच्या आमच्या जुन्या घरातल्या दोन लाकडी खुंट्यांची गोष्ट सांगते. त्या खुंट्यांवर माझ्या आजोबांची, म्हणजे आबांची, ठासणीची बंदूक असे. मी पाहिल्या त्या फक्त खुंट्या. बंदूक माझ्या जन्माआधीच घरातून गेली होती, आणि तिच्यापायी आबांच्या डाव्या हाताची दोन बोटे.

ही गोष्ट मी आजवर अपुरी सांगत होते, हे मला २०२५ च्या उन्हाळी सुट्टीत कळले. तेही मोडनिंबमध्ये नव्हे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, तात्यांच्या मोटारीच्या गॅरेजात.

तात्या म्हणजे माझे धाकटे काका. कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणारी बार्शी लाइटची अरुंद गाडी पाहत वाढलेले, सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकलेले आणि पुढे तिकडेच स्थायिक झालेले. निवृत्तीनंतर त्यांनी नेमबाजीचा छंद धरला. ओहायोत, ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी नावाचे मैदान आहे. १९०७ पासून तेथे राष्ट्रीय सामने भरतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या हाती असलेल्या गॅरंड रायफलीचे स्वतंत्र सामनेही तेथे होतात. तात्यांची रायफल तीच. आणि तिची काडतुसे ते घरीच भरत.

मला बंदुकीचे प्रेम नाही. त्या देशातल्या शाळांतून येणाऱ्या गोळीबाराच्या बातम्या वाचणाऱ्या शिक्षिकेला ते असण्याची शक्यताही कमी. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवताच येत नाही. तिकडे स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरायला संघराज्याच्या कायद्याने परवाना लागत नाही, विकायला मात्र लागतो. हे ऐकून माझ्या चेहऱ्यावर जे उमटले ते पाहून तात्या म्हणाले, "नुसतं बघ. मग नावं ठेव."

म्हणून मी बघत बसले.

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'मुळे (प्रथम प्रकाशन १९०७) मराठीच्या विद्यार्थ्याला तो १८५७ च्या संदर्भात भेटतो. पण काडतूस ही चार वस्तूंची गाठ असते, हे मला तात्यांच्या टेबलापाशीच कळले: पितळेची पुंगळी, तिच्या बुडातली ठिणगीची टोपी, पोटातली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार झाला की तिघी जातात, पुंगळी उरते. स्फोटाच्या दाबाने ती फुगून रायफलीच्या खोबणीला घट्ट चिकटते आणि दाब ओसरताच थोडी आकसते. पण मूळ मापावर येत नाही. तिला पुन्हा मापात दाबायचे, जुनी टोपी काढून नवी बसवायची, दारू मोजून घालायची आणि गोळी बसवायची. हे दाबण्याचे काम करतो तो प्रेस: ओतीव लोखंडाची चौकट, वर पोलादी साचा, खाली पुंगळी धरणारा दट्ट्या आणि बाजूला लांब दांडा. उसाच्या चरकाशेजारी शोभेल असा.

तात्यांचा प्रेस आरसीबीएस कंपनीचा, 'रॉक चकर' नावाचा. ही कंपनी फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये कॅलिफोर्नियात काढली. रॉक चक हा तिकडचा खारीच्या कुळातला, बिळात राहणारा प्राणी. त्याच्या शिकारीच्या गोळ्या घडवणाऱ्या साच्यावरून कंपनीला नाव पडले. कारखान्यातून आलेल्या त्या प्रेसमध्ये तात्यांनी इतके बदल केले होते, की काकू त्याला 'यांचं चौथं अपत्य' म्हणत.

पहिला बदल पायाचा. प्रेस कितीही दणकट असला तरी टेबल लवत असेल तर प्रत्येक पुंगळी वेगळ्या मापाची निघते. तात्यांची परीक्षा साधी होती: टेबलावर पाण्याने भरलेला पेला ठेवायचा आणि दांडा ओढायचा. पाण्यावर तरंग उठला तर पाया कच्चा. त्यांनी फळीखाली पोलादी पत्रा घातला, टेबल भिंतीत बोल्टांनी जखडले आणि प्रेस वीतभर उंच केला. त्यामुळे न वाकता पुंगळीच्या तोंडात डोकावता येई.

दुसरा बदल उजेडाचा. चौकटीच्या आतल्या बाजूला बारीक एलईडी दिव्यांची पट्टी. गोळी बसवली की आत काय आहे ते कायमचे झाकले जाते; म्हणून त्याआधी प्रत्येक पुंगळीत डोळ्यांनी पाहायचेच.

तिसरा मुठीचा. मूळ दांड्याला गोल गोळा होता; तो तळहातात फिरे आणि मनगट दुखे. त्याजागी त्यांनी फिरती, आडवी लाकडी मूठ बसवली. "आईच्या जात्याचा खुंटा आठव," ते म्हणाले. "हात सरकला न पाहिजे, आवळायलाही न लागला पाहिजे."

चौथा बदल काकूंच्या धाकाने झालेला. जुन्या टोप्या निघताना त्यांची काजळी उडते आणि तिच्यात शिसे असते. तात्यांनी दट्ट्याखाली प्लास्टिकची नळी जोडून त्या थेट झाकणाच्या बाटलीत सोडल्या. टेबलाजवळ खाणेपिणे नाही, तिथला कचरा कोरड्या झाडूने झाडायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा. आणि साबणाने हात धुतल्याखेरीज स्वयंपाकघरात पाऊल नाही.

बाकीचे यंत्रातले बदल नव्हते, माणसावर घातलेले नियम होते. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा, कारण दोन जातींची दारू दिसायला सारखी असते आणि वागायला नाही. तराजू दर बैठकीला माहीत असलेल्या वजनाने तपासायचा. प्रमाण पुस्तकातलेच, तेही खालच्या टोकापासून सुरू करून. ही पुस्तके ते पोथीसारखी वाचत. वेगवेगळ्या आवृत्त्यांत आकडे बदललेले असतात आणि ते शेजारी ठेवून ताडून पाहावे लागतात. पाठभेद नोंदवणारा हा संशोधक आमच्या घरात इतकी वर्षे होता आणि आम्ही त्याला इंजिनिअर समजत होतो, हे पाहून मला हसू आले. येथे पाठ चुकला तर शुद्धिपत्र काढता येत नाही, एवढाच फरक.

आणि शेवटचा नियम. पन्नास भोकांची एक लाकडी फळी होती. दारू घालण्यापूर्वी पुंगळ्या त्यात उपड्या, घातल्यावर उलथ्या. एकीत घालून दुसरीकडे वळताना कोणी हाक मारली, फोन वाजला, तर हातातली पुंगळी रिकामी करून पहिल्यापासून सुरुवात. गॅरेजच्या दाराला आतून कडी असे आणि काम चालू असताना बोलायची बंदी होती. मी पहिल्याच दिवशी सहज विचारले, "तात्या, चहा आणू?" त्यांनी काही न बोलता पुंगळी डब्यात ओतून टाकली, हात पुसले आणि स्टुलावर बसले.

"आबांची बोटं कशानं गेली, सांगितलंय तुला कुणी?"

"बंदूक फुटली म्हणून."

"फुटली नाही. फोडली. मी."

आबांकडे पीकसंरक्षणाचा परवाना होता. शाळूच्या रानात रात्री हरणे उतरत. बहुतेक वेळा नुसत्या आवाजाचा बार पुरे होई. ठासणीच्या बंदुकीत सगळे तोंडातून भरायचे: दारू, चिंधी, छर्रे, प्रत्येक थर गजाने ठासायचा. एका संध्याकाळी आबा असे भरत असताना दहा वर्षांचे तात्या शेजारी बसून शाळेच्या सहलीसाठी पैसे मागत होते. आबांनी दारू घातली, ठासली, मुलाशी हुज्जत घातली आणि पुन्हा दारू घातली. नळीत काय गेले ते ठासणीच्या बंदुकीत दिसत नाही. त्या रात्री रानात नळी फाटली.

"त्यांनी मला कधी बोल लावला नाही," तात्या म्हणाले. "पोलीस ठाण्यात बंदूक जमा करायला गेले तेव्हा मला सोबत नेलं. येताना सहलीचे पैसे दिले."

त्यानंतर मला ते दिवे, ती फळी, ती कडी वेगळीच दिसू लागली. छंदापायी केलेल्या सुधारणा म्हणून मी ज्यांच्याकडे पाहत होते, त्या साठ-पासष्ट वर्षे चाललेल्या एका प्रायश्चित्ताच्या खुणा होत्या. आणि आणखी एक गोष्ट लक्षात आली, जी काकूंच्या केव्हाच आली होती. उंच केलेला प्रेस, न सरकणारी मूठ, भरपूर उजेड: हे सगळे बदल गेल्या चारपाच वर्षांतले होते. तात्यांचा हात कापत होता. स्वस्थ बसले की नाही. काही नेमके करायला गेले की. डॉक्टरांनी त्याला नाव दिले होते, तात्यांनी त्याला मूठ दिली होती.

माझ्या मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यात ते मैदानावरून रिकाम्या पुंगळ्या घेऊन आले. भरण्याआधी त्या तपासायच्या असतात. पितळ वारंवार ठोकले, दाबले की कठीण होते आणि चिरते. पुण्याच्या तांबट आळीतला कारागीर मठारकाम करताना भांडे मधूनच तापवतो, ते याचसाठी. पुंगळीचे तोंडही तसे तापवून मऊ करता येते. बुडाचे मात्र तसे करायचे नसते, कारण सगळा दाब तेथेच झेलायचा असतो. गॅरंडसारख्या रायफलीत पुंगळी बुडाजवळ ताणली जाते आणि आतून एक पातळ कडे पडते. बाहेरून ते सहसा दिसत नाही. टोक वाकवलेली बारीक तार आत घालून भिंतीवरून वर ओढायची. कडे असेल तर ती किंचित अडखळते. अशी पुंगळी पुन्हा भरली तर बारासरशी दोन तुकडे होऊ शकतात आणि तापलेला वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो.

तात्या तार फिरवत होते. एक, दोन, पाच. मग थांबले आणि ती माझ्यापुढे धरली.

"तुझ्या हाताला काही लागतंय का बघ. मला सगळीकडंच लागतंय, नाहीतर कुठंच नाही."

तिसऱ्या पुंगळीत ती अडखळली. अगदी थोडी, छापील ओळ वाचताना एखादी वेलांटी चुकलेली असावी तशी. मी पुंगळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी तार घातली, ओढली, पुन्हा ओढली. त्यांना ते कडे सापडले नाही.

बळ कमी पडले तेव्हा मूठ कामी आली होती, नजर कमी पडली तेव्हा दिवा. बोटांच्या टोकांना जे कळते त्याच्या जागी बसवायला त्यांच्याकडे काही नव्हते. मी म्हणाले, "यंत्र मिळत असेल ना याचंही." "मिळेल की," ते म्हणाले, "पण मग मी इथं काय करतोय?"

कपाटात वसंत ऋतूत भरलेली तीन डब्यांची काडतुसे होती, त्यांनीच तपासलेल्या पुंगळ्यांची. पुढचे दोन दिवस त्यांनी ती सगळी उकलली. त्यासाठी हातोडीसारखे एक हत्यार असते: आपटले की गोळी सुटून बाहेर येते. दारू निराळी, गोळ्या निराळ्या, पुंगळ्या माझ्यापुढे. त्यांत मला चार कडी सापडली. तात्यांनी त्या चार पुंगळ्या पक्कडीने चेपल्या, कुणी चुकूनही पुन्हा भरू नयेत म्हणून, आणि शर्टाच्या खिशात ठेवल्या. मग पाना घेऊन प्रेसचे बोल्ट सोडवले.

नेमबाजी त्यांनी सोडलेली नाही. आता विकतची काडतुसे आणतात, ती महाग पडतात, म्हणून थोडीच झाडतात. परवा फोनवर स्वप्नील कुसाळेचा विषय निघाला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या या नेमबाजाने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. तात्यांनी लगेच दुरुस्ती केली: त्याच्या रायफलीचे काडतूस लहान, त्यातला ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो, ते एकदाच वापरायचे, पुन्हा भरायचा प्रश्नच नाही. "सुखी आहे," म्हणाले.

त्या उजेडाच्या, न लवणाऱ्या टेबलावर काकूंना मिरचीची रोपे लावायची होती. तात्यांनी साफ नकार दिला: शिशाच्या टेबलावर खायचे काही नको. आता तेथे शेवंती आहे.

वर्गात मी अजून बंदुकीचे चित्र काढते. 'ठासून सांगणे' समजावते आणि गोष्टही सांगते. आता शेजारी बसलेल्या मुलासकट. यंदा गोष्ट संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, तो मुलगा सहलीला गेला का?"

मी तात्यांना हे विचारलेच नव्हते. त्या रविवारी फोन करून विचारले. बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग म्हणाले, "नाही. ते पैसे अजून आहेत."