बिनसणाचा फोटो

आपल्या घरांत फोटो निघत आले ते दोन कारणांसाठी. एक कागदासाठी आणि दुसरं लग्नासाठी. पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, शाळेचा फॉर्म, हजचा अर्ज यांसाठी पांढऱ्या पडद्यासमोर ताठ बसून काढलेला चेहरा. नाहीतर लग्नाच्या स्टेजवर नवरा-नवरीच्या दोन्ही बाजूंना ओळीत उभं राहून काढलेला ग्रुप. या दोन्हींच्या मधे जे रोजचं घर असतं, त्याचा फोटो काढावा असं फारसं कुणाला वाटलं नाही. मग घरातलं कुणी गेलं, की तोच पासपोर्ट साईजचा फोटो स्टुडिओत येतो. ‘भाई, हा मोठा करून द्या. दुसरा नाही आमच्याकडे.’ गेली अठरा वर्षं मी चिपळुणात फोटोग्राफीचा धंदा करतो. असे किती फोटो मोठे करून दिले, त्याचा हिशोब ठेवलेला नाही.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं. २००५ चा पूर पाहिलेली माणसंही म्हणाली, असं पाणी पाहिलं नव्हतं. बाजारपेठ, मुरादपूर, पेठमाप, सगळीकडे चिखल. पाणी ओसरल्यावर लोकांनी आधी माणसं मोजली, मग धान्य, मग कागदपत्रं. आठवडाभरानंतर आल्बम यायला लागले. प्लास्टिकच्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळलेले, पानाला पान चिकटलेले.

छापील फोटोच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो. तो पाण्यात फुगतो आणि समोरच्या फोटोला चिकटतो. ओला असेपर्यंत स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हलक्या हाताने सोडवला तर काही वाचतं. एकदा तसाच वाळला की ओढताना चेहराच निघून येतो. ओले फोटो फ्रीजरमध्ये ठेवले तर थोडी सवड मिळते, पण तेव्हा वीज कुठे होती? आम्ही दोघातिघांनी दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोऱ्या बांधून कपड्यांसारखे फोटो वाळत घातले. बरेचसे गेले. एका बाईच्या हातात आल्बमचं फक्त पुठ्ठ्याचं कव्हर उरलं होतं. ती रडली नाही. म्हणाली, ‘मुलांना आता कसं सांगू, तुमचे आजोबा असे दिसायचे?’

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिलं कुटुंब माझ्याकडे आलं आणि म्हणालं, आमचा सगळ्यांचा एक फोटो काढा. लग्न नव्हतं, ईद नव्हती, कुठला फॉर्म भरायचा नव्हता. भिंतींवर अजून पुराच्या पाण्याची रेघ होती, म्हणून घरात नको म्हणाले. बाहेर काढायचा ठरला. तेव्हापासून दरवर्षी पाऊस सरला की मी हे काम करतो. घरची माणसं, लहान मुलं, मोकळं आभाळ.

सुरुवातीला मुलं-मुली मोबाईलवर परदेशातले फोटो दाखवायची. लाल-पिवळ्या पानांचा सडा, त्यात बसलेलं बाळ, अंगात स्वेटर. ‘असं करा ना.’ मी हसून सांगतो, हे आपल्याकडचं नाही. शरद म्हणजे ‘ऑटम’ असं शाळेत शिकवतात, पण आपल्या शरदात पानं गळत नाहीत. कोकणात साग, पळस यांची पानगळ होते ती थंडी सरताना, फेब्रुवारी-मार्चकडे. आंबा, फणस, काजू तर बारमाही हिरवेच. आणि ऑक्टोबरमध्ये स्वेटर घातला तर पोर घामाने भिजेल.

आपल्या शरदाकडे दुसरं काही आहे. पावसाने हवेतली धूळ धुऊन टाकलेली असते. आभाळ स्वच्छ, आणि कधी कधी संध्याकाळी कापसासारखे ढग. भात पिकून पिवळं झालेलं असतं. हळवं भात कापून उडव्या लागलेल्या असतात, गरवं अजून उभं असतं. सड्यावर पावसाळ्यात जे हिरवं गवत होतं ते सोनेरी होऊन वाऱ्यावर झुकतं. जांभ्या दगडावर पाऊस पिऊन काळसर शेवाळ चढलेलं असतं. त्याच्यासमोर मुलाचा कुठल्याही रंगाचा कपडा उठून दिसतो.

ऑक्टोबरच्या मध्यावर आमच्याकडे सूर्य साडेसहाच्या सुमाराला उगवतो आणि सव्वासहाच्या आसपास मावळतो. फोटोचा उजेड म्हणजे उगवल्यानंतरचा पहिला तास आणि मावळण्याआधीचा शेवटचा तास. दुपारी बारा वाजता डोळ्यांखाली काळी सावली पडते, मुलं डोळे मिचकावतात, आणि ऑक्टोबर हीटमध्ये सगळेच चिडलेले असतात. परशुरामच्या वरच्या सड्यावर उजेड शेवटपर्यंत मिळतो. खाली खोऱ्यात मात्र सूर्य आधी डोंगराआड जातो, म्हणून तिथे घड्याळात अर्धा तास कमी धरावा लागतो.

लोक विचारतात, एवढं करायचं तर ईदला का नको? नवे कपडे असतात, सगळे घरी असतात. कारण ईद एका जागी थांबत नाही. आपलं वर्ष चंद्राचं, सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. म्हणून ईद दरवर्षी तेवढी मागे सरकते आणि साधारण ३३ वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येते. २००६ साली रमजान ईद ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात होती. त्या वर्षीचे ईदगाहाबाहेरचे फोटो बघा, चेहऱ्यांवर किती मऊ उजेड आहे. २०२४ ला ती ११ एप्रिलला आली, २०२५ ला ३१ मार्चला. नमाज संपून गळाभेटी होईपर्यंत ऊन डोक्यावर. २००६ मध्ये अब्बांच्या खांद्यावर बसलेल्या पोराला पुन्हा ऑक्टोबरातली ईद मिळेल तेव्हा तो स्वतः पस्तिशीचा असेल. खांदा द्यायला अब्बा असतील का, हे कुणी सांगावं? म्हणून मी म्हणतो, ईदची वाट बघू नका. ऑक्टोबरमधला कुठलाही रविवार धरा.

लहान मुलांचं एक सांगतो. फोटो कॅमेऱ्याने निघतो, पण मुलाच्या पोटाने आणि झोपेने ठरतो. संध्याकाळी साडेचारला यायचं असेल तर पोर दुपारी झोपलेलं हवं आणि निघताना खाऊन आलेलं हवं. नवे बूट पहिल्यांदा घालून आणू नका, ते चावतात. सड्यावर जाताना मी पुढे काठी आपटत चालतो, कारण आमच्या जिल्ह्यात दगडांखाली फुरसं असतं. वाशिष्ठीच्या काठावर मुलांना पाण्याजवळ बसवत नाही. नदीत मगरी आहेत, हे चिपळूणकराला सांगावं लागत नाही, मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना सांगावं लागतं.

मग मी गुडघ्यावर बसतो. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत मूल बुटकं आणि बिचारं दिसतं. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर गेलं की ते माणूस दिसतं. धावणाऱ्या पोरासाठी शटर एक पंचशतांश सेकंद किंवा त्याहून जलद. सहा-सात जणांचा ग्रुप असेल तर लेन्सचं तोंड थोडं बारीक, नाहीतर पुढचे स्पष्ट आणि मागे उभे असलेले चाचा धूसर. ‘हस बेटा, हस’ असं कुणी म्हणायचं नाही. सांगून आणलेलं हसू दातांचं असतं. मी त्यांना काम देतो. भावाच्या कानात काहीतरी सांग. त्या दगडापर्यंत शर्यत लाव.

दोन वर्षांपूर्वी एक कुटुंब आलं. नवरा कुवेतला. पंचेचाळीस दिवसांची रजा घेऊन आलेला. मुलगी अडीच वर्षांची. तो गेला तेव्हा ती कुशीत होती, त्यानंतर तिने बापाला फक्त मोबाईलच्या पडद्यावर पाहिलेलं. पडद्यावर ती त्याला पापे द्यायची. समोर आला की आईच्या ओढणीत तोंड लपवायची. रजेचे बावीस दिवस झाले होते, तरी ती त्याच्याकडे जात नव्हती. तो हात पसरून उभा राहायचा, ती रडायची. त्याची बायको मला हळूच म्हणाली, ‘भाई, दोघांचा एक तरी काढा. तिकडे भिंतीला लावायला मागतायत.’

मी कॅमेरा बॅगेत ठेवला आणि सगळ्यांना गवतातून चालायला सांगितलं. त्या दिवसांत गवताची कुसळं सुटलेली असतात. मुलीच्या मोज्यांत कुसळं घुसली आणि ती थांबून भोकाड पसरायला लागली. आई पुढे निघून गेली होती. बाप खाली मांडी घालून बसला. तिला हात न लावता त्याने आधी आपल्या पँटमधलं एक कुसळ काढून तिला दाखवलं. मग दुसरं. तिसऱ्याला तिने आपला पाय त्याच्या मांडीवर ठेवला.

तो फोटो मी लांबून, ८५ च्या लेन्सने काढला. त्यात दोघंही कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. बाप मान खाली घालून मोजा साफ करतोय आणि ती त्याच्या डोक्यावरचं टक्कल बोटाने तपासतेय. तो माणूस आता पुन्हा कुवेतला आहे. तो फोटो त्याच्या खोलीत पलंगाशेजारी लावलेला आहे, असं त्याने व्हिडिओ कॉलवर मला दाखवलं.

फोटो काढायला नकार देणारीही माणसं असतात आणि त्यांना मी मनापासून मान देतो. काही बुजुर्गांना तस्वीर नको असते. उलेमांमध्ये याबाबत एकमत नाही. पासपोर्टचा फोटो चालतो, मग हा का नाही, असा वाद घालणारी नातवंडं प्रत्येक घरात आहेत. मी त्या वादात पडत नाही. आपला चेहरा कुणाला द्यायचा हे ज्याचं त्याने ठरवावं. बायका नको म्हणतात त्याचं कारण आणखी वेगळं आहे. पूर आला त्याच जुलै महिन्यात, आणि पुन्हा जानेवारी २०२२ मध्ये, मुस्लिम बायकांचे इंटरनेटवरचे फोटो उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडणारी ॲप उघडकीला आली. त्यानंतर एखादी बहीण विचारते, ‘भाई, हा फोटो कुठे जाणार?’ तर त्या प्रश्नाला मागासलेपणा म्हणणं मला जमत नाही. मी एकही कौटुंबिक फोटो दुकानाच्या जाहिरातीला किंवा फेसबुकवर वापरत नाही. मुलांचे तर नाहीच. त्यांना अजून हो किंवा नाही म्हणता येत नाही.

एका घरच्या दादी दरवर्षी यायच्या, पण फोटोत नाही. दगडावर पाठमोऱ्या बसायच्या, डब्यात घावन घेऊन. मुलं धावून आली की एकेकाच्या तोंडात तुकडा भरवायच्या. तिसऱ्या वर्षी त्यांनीच मला हाक मारली. ‘चेहरा नको. पण हे काढ.’ आणि घावनाचा तुकडा धरलेला हात पुढे केला. हातावर शिरा उठलेल्या, काचेच्या दोन बांगड्या, आणि समोर आ वासलेला नातू. पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या. त्यांच्या मुलाकडे पासपोर्टचा फोटो होता, हजला जाऊन आल्या होत्या. पण तो दुकानात आला आणि म्हणाला, ‘हाताचाच मोठा करून द्या.’

तेव्हा या ऑक्टोबरला एवढं करा. फोटोग्राफर परवडत नसेल तर मोबाईल चालेल, उजेड सगळ्यांना फुकट आहे. दरवेळी फोटो काढणारी अम्मी फोटोत नसते, तिच्या हातातून फोन काढून घ्या आणि, तिची मर्जी असेल तर, तिला मधे बसवा. मोबाईलमध्ये ठेवून विसरू नका, छापून घ्या. मागच्या बाजूला मऊ शिसपेन्सिलने नावं, जागा आणि तारीख लिहा; बॉलपेन दाबून लिहिलं तर पुढे उमटतं, आणि पुष्कळशी शाई ओलाव्याने पसरते. आणि दोन प्रती काढा. एक आपल्या घरात, दुसरी उंचावर राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाच्या घरात.